बुधीची गैरहजेरी

दयाबाईंच्या हातात तो कागद पडला तेव्हा त्या बुधीच्या खुराला हळद-तेल लावत होत्या, त्यामुळे परदेशातून आलेल्या त्या महत्त्वाच्या दस्तऐवजावर पहिल्याच दिवशी पिवळा अंगठा उमटला. कागद घेऊन आला होता मुजफ्फर, दूध कंपनीचा सुपरवायझर. वय सत्तावीस, गळ्यात ओळखपत्र, काखेत टॅब, आणि दर वाक्यात चहात साखर टाकावी तसा एक ‘ॲक्च्युअली’.

“काकू, ॲक्च्युअली आपल्या कंपनीत युरोपातला एक मोठा फंड पैसे घालतोय. पण त्यांची अट आहे. गायी सुखात पाहिजेत.”

“कुणाच्या?”

“आपल्याच. कंपनीला दूध घालणाऱ्या सगळ्यांच्या. ते बघायला तिकडून एक मॅडम येणारेत, जनावरांच्या डॉक्टर. या भागातला एकच गोठा बघणार. मी तुमचं नाव दिलंय.”

दयाबाईंनी हात पदराला पुसले. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या बाईला आपली निवड का झाली हे माहीतच असतं, तरी ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं. “आमचाच का रे?” त्यांनी शक्य तितक्या नम्रपणे विचारलं.

मुजफ्फर प्रामाणिक मुलगा होता. “वस्तीवर तुमचाच संडास स्वच्छ आहे, काकू. आणि काकांना इंग्रजी येतं.”

काका म्हणजे याकोबराव. नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत एकतीस वर्षं फिटर होते. त्यांचं इंग्रजी यंत्रांवरच्या पाट्या वाचून आलेलं, त्यामुळे ते थोडं हुकमी होतं, पण पक्कं होतं. निवृत्तीनंतर सावेडीचा फ्लॅट मुलीच्या, प्रार्थनाच्या, हवाली करून दोघं कर्जतपासून नऊ किलोमीटरवरच्या या वस्तीवर, याकोबरावांच्या वाट्याच्या दोन एकरांत, राहायला आले. तीन गायी घेतल्या. ज्या वारी गाय दारात आली तेच तिचं नाव, असा याकोबरावांचा सरळ हिशेब: सोमी, मंगळी आणि बुधी. पैकी बुधीचा मागचा पाय दीड वर्षापासून अधू होता.

आता या सगळ्यात वस्तीला एवढा रस का, तर कूलरमुळे. वस्तीवरच्या चाळीस घरांचं दूध पुंजारामच्या टेम्पोतून कर्जतला जायचं. एप्रिल-मे महिन्यांत पोहोचेपर्यंत त्यातलं निम्मं नासायचं आणि परत यायचं. फंडाचे पैसे आले की कंपनी दूध गार ठेवणारा मोठा कूलर बसवणार होती, आणि तो एक तर इथे बसणार होता, नाही तर ओढ्यापलीकडच्या वस्तीवर. तपासणी पास झाली तर इथे. त्यामुळे मुजफ्फरची मोटारसायकल वळणावर दिसेनाशी होण्याच्या आत दयाबाईंच्या ओट्यावर माणसं जमली. शेजारची रंगुबाई तर हातातलं पीठ न धुताच आली.

दयाबाईंनी चष्मा लावला आणि वर्गात वाचावा तसा कागद मोठ्याने वाचला. जनावराला पाच स्वातंत्र्यं असावीत, असं त्यात म्हटलं होतं. तहानभुकेपासून मुक्ती, अडचणीच्या जागेपासून मुक्ती, दुखण्यापासून मुक्ती, भीतीपासून मुक्ती, आणि पाचवं, नैसर्गिक वागणुकीचं स्वातंत्र्य.

“गाईची नैसर्गिक वागनूक म्हंजी?” बांधाला बांध असलेल्या बन्सीने विचारलं.

“तिला मनातून जे करावंसं वाटतं ते,” दयाबाई म्हणाल्या.

“तिला माज्या लसूनघासात शिरावंसं वाटतं. आता ते बी द्यायचं का?”

“पुढं वाचा ओ बाई,” रंगुबाई म्हणाली.

“जनावराशी सौम्य आवाजात बोलले जाते काय?”

सगळे रंगुबाईकडे बघायला लागले, कारण ती आपल्या गाईशी काय बोलते ते ओढ्यापलीकडेही ऐकू जायचं. “मी मालकाशी बोलत न्हाई सौम्य,” ती म्हणाली, “आन् गाईशी बोलू?”

“जनावर दिवसातून किती तास बसून विश्रांती घेते?”

“घेऊ द्या की तिला घ्यायची तेवडी. इतं मानसाला इचारतंय कोन?” रंगुबाई म्हणाली.

याकोबराव मात्र या प्रश्नाने खुलले. दुसऱ्या दिवसापासून ते खुर्ची टाकून, वही आणि घड्याळ घेऊन गोठ्यासमोर बसले. गायींनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी गायींकडे पाहिलं. एरवी दुपारी बारा वाजता ऐसपैस बसून रवंथ करणाऱ्या तिघी, मालक का बघतोय या विचाराने दिवसभर उभ्या राहिल्या. वहीत ‘विश्रांती: शून्य तास’ अशी नोंद झाली. तिसऱ्या दिवशी दयाबाईंनी खुर्ची उचलून नेली, तेव्हा कुठे सोमी बसली.

मग पाण्याचा दाखला. गायी जे पाणी पितात ते शुद्ध असल्याचा दाखला हवा होता, म्हणून दयाबाई बाटली घेऊन बसने नगरला गेल्या. (जिल्ह्याचं नाव आता बदललंय, पण बसमध्ये दयाबाईंच्या पिढीची माणसं अजून नगरलाच जातात.) कचेरीतल्या खिडकीमागच्या गृहस्थाने बाटली उजेडात धरून पाहिली.

“कुटुंबात पिणारे किती?”

“तीन.”

“नावं?”

“नावं कशाला? गायी आहेत.”

त्याने लेखणी खाली ठेवली. “बाई, हा फॉर्म माणसांचा आहे. गायींचा फॉर्म आमच्याकडे नाही. तुम्ही पशुसंवर्धनला जा.” पशुसंवर्धनला गेल्यावर कळलं की तिथे गाय तपासतात, पाणी नाही. चार वाजता दयाबाई पुन्हा पहिल्या खिडकीशी उभ्या राहिल्या आणि चौतीस वर्षांचा आवाज लावून म्हणाल्या, “लिहा. सोमी याकोब, मंगळी याकोब, बुधी याकोब.” गृहस्थाने निमूटपणे लिहिलं. आठ दिवसांनी दाखला आला. त्यात तिघींनी पाणी उकळून प्यावे, असा सल्लाही होता.

याकोबरावांनी तोवर ब्रश मनावर घेतला होता. मुजफ्फरने टॅबवर एक चित्रफीत दाखवली होती: परदेशातल्या गोठ्यात एक मोठा गोल ब्रश फिरतोय आणि गाय त्याखाली डोळे मिटून उभी आहे. एकतीस वर्षांत याकोबरावांना कुणी असं काही बनवायला दिलं नव्हतं. ते नागापूरला जाऊन जुन्या ओळखीत फरशा घासण्याचा नायलॉनचा मोठा ब्रश घेऊन आले, त्याला चारा कापायच्या बंद पडलेल्या कुट्टीयंत्राची मोटर जोडली, आणि सगळं गोठ्याच्या खांबाला बोल्टने आवळलं. कुट्टीयंत्राची मोटर गाईला गोंजारण्यासाठी केलेली नसते, हे तिघी गायींनी लांबूनच ओळखलं. बन्सीने नाही ओळखलं. तो वाकून “हे कसं फिरतं वो?” म्हणाला आणि याकोबरावांनी कळ दाबली.

ब्रशने बन्सीचं उपरणं पकडलं, मग उपरण्याने बन्सीला पकडलं. दोन फेरे झाले. तिसरा सुरू होणार तोच लाइट गेली. वीज गेल्यावर सबंध तालुका जे बोलतो ते आपण सगळ्यांनी ऐकलं आहे, पण त्या दिवशी गोठ्यात बसून “देवा, तुजी लई किरपा” म्हणणारा बन्सी हा तालुक्यातला पहिला माणूस असावा.

“वेग जरा कमी करायला हवा,” याकोबराव म्हणाले.

“तुमी मला आदी सोडवा,” बन्सी म्हणाला.

त्यातच गायी मोकळ्या सोडायच्या होत्या. दावं नको, मुक्त गोठा हवा, असा नियम होता. चारी बाजूंनी जाळी मारून दयाबाईंनी तिघींची दावी सोडली. सोमी आपल्या खुंट्याजवळच उभी राहिली. दावं नसलं तरी जिथवर दावं पुरायचं तिथवरच ती जायची आणि वळायची. मंगळीने मात्र त्याच संध्याकाळी जाळीखालून वाट काढली आणि बन्सीच्या घासात जाऊन नैसर्गिक वागणुकीचा अर्ध्या वाफ्याएवढा लाभ घेतला. बन्सी तिला घेऊन आला आणि दारात उभा राहिला.

“बाई, पाचवं स्वातंत्र्य घेऊन आलोय,” तो म्हणाला. “बांदा.”

इथवरच्या अडचणी अडचणी म्हणून ठीक होत्या. खरी गडबड झाली ती दयाबाईंना तपासणी हा शब्द कळत होता म्हणून.

तपासणी म्हणजे काय ते आताच्या मुलांना सांगून समजायचं नाही. दयाबाई नोकरीला लागल्या त्या याच वस्तीच्या शाळेवर, एक खोली आणि दोन वर्ग. शाळा तपासणारा डेप्युटी येणार असं पत्र आलं की आधी भिंतींना चुना व्हायचा. मग रातोरात बाग उगवायची, म्हणजे कुणाकुणाच्या दारातल्या फांद्या तोडून त्या अंगणात खोचायच्या. त्या संध्याकाळपर्यंत टवटवीत राहिल्या की झालं, डेप्युटी काही मुक्कामाला नसायचा. पट कमी भरत असला तर ओढ्यापलीकडच्या शाळेतून सात-आठ मुलं उसनी आणायची. त्यांच्या तपासणीला आपली पाठवायची, त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. एकदा अशाच एका उसन्या मुलीला डेप्युटीने गाव विचारलं आणि तिने खरं सांगितलं. “आजोळी आलीय,” दयाबाई म्हणाल्या, आणि नोकरी राहिली. हुशार मुलं पुढे बसवायची. आणि ज्यांना पाढे येत नाहीत त्यांना बाहेर काहीतरी काम द्यायचं. इतकं करून चौतीस वर्षांत दयाबाईंच्या नावावर एकही वाईट शेरा नव्हता.

तेव्हा मॅडम येण्याच्या दोन दिवस आधी गोठ्याला चुना झाला. शाळेतून मागून आणलेल्या फळ्यावर रंगीत खडूने पाच स्वातंत्र्यं लिहून झाली. राहिला प्रश्न बुधीचा. लंगडत्या गाईने सुखी गोठ्यात उभं राहायचं म्हणजे पाढे न येणाऱ्या मुलाला पहिल्या रांगेत बसवण्यासारखं होतं. कागदावर तीन गायी होत्या आणि तीन दिसायला हव्या होत्या.

“रंगुबाई, तुझी हेमा देतेस का दोन दिवस?”

हेमा म्हणजे वस्तीवरची सगळ्यात देखणी गाय, काळीपांढरी, घासून पुसून ठेवल्यासारखी. रंगुबाईने गालावर बोट ठेवून विचार केला. “कूलरसाटी देते. पर तिला त्या फिरत्या झाडूखाली घालायचं न्हाई. आन् ती माज्याबिगर ऱ्हात न्हाई, म्हून मीबी येनार.”

संध्याकाळी दूध न्यायला पुंजाराम आला. पुंजाराम पन्नाशी ओलांडलेला, टेम्पोवाला, कमी बोलणारा. त्याचं घर ओढ्याच्या अलीकडे.

“पुंजाराम, बुधीला दोन दिवस तुझ्याकडे नेऊन बांध,” दयाबाई म्हणाल्या. “मॅडम गेल्या की आण.”

त्याने बुधीच्या कपाळावर खाजवलं. “चपला राखायला का, बाई?”

“म्हणजे?”

“मला न्हाई का बसवायच्या तुमी. डिपोटी आला की समद्यांच्या चपला राखायला.” तो हसला. “मला बरं वाटायचं बगा. पाढं म्हनावं लागत नव्हतं. एकदा हेडमास्तरांची चप्पल कुत्र्यानं पळिवली, तर ओढ्यापतूर पळालो हुतो मागं. आनली पर.”

दयाबाईंना हेडमास्तरांची चप्पल आठवत होती. तिच्यामागे कोण पळालं होतं ते मात्र त्यांना आठवत नव्हतं.

“आतून गानं ऐकू यायचं,” दावं सोडता सोडता पुंजाराम म्हणाला. “मलाबी येत हुतं ते गानं.”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती असती तर दयाबाईंना उत्तर देता आलं असतं. तो बुधीला हळूहळू चालवत घेऊन गेला आणि दयाबाई दुधाची रिकामी चरवी धुऊन झालेली असूनही पुन्हा धुवायला लागल्या. त्यांच्या मनात आलं, हाक मारावी. पण तपासणी परवावर आली होती, चाळीस घरांचं दूध होतं, आणि शिवाय शेरा न मिळालेल्या माणसाला शेऱ्याची जी भीती असते ती शेरेवाल्यांना कळत नाही.

ठरल्या दिवशी दहा वाजता पांढरी गाडी आली. मॅडमचं नाव मारीके. उंच, उन्हाने लाल झालेल्या, केस पांढरे. गाडीतून उतरल्यावर त्यांनी आपले गमबूट काढले, औषधाच्या पाण्यात बुडवून घातले आणि रांगोळी ओलांडून सरळ गोठ्यात गेल्या. फळ्यापाशी छडी घेऊन उभ्या असलेल्या दयाबाईंना त्यांनी हसून हात जोडले, पण फळा वाचला नाही. एक रिकामी बादली उलटी केली, तिच्यावर बसल्या आणि गप्प राहिल्या.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. चौतीस वर्षांत दयाबाईंनी खूप साहेब पाहिले होते. ओरडणारे, जेवणारे, पेंगणारे. काहीच न विचारता नुसता बघत बसणारा साहेब त्यांनी पाहिला नव्हता.

“काय करतायत रे त्या?” त्यांनी मुजफ्फरला कुजबुजत विचारलं.

“ॲक्च्युअली, बघतायत,” मुजफ्फर म्हणाला.

सोमी आपल्या न दिसणाऱ्या दाव्यात शहाण्यासारखी उभी होती. मंगळी बन्सीच्या रानाकडे तोंड करून उभी होती. हेमा मात्र नव्या जागी आल्यापासून हंबरत होती, आणि जाळीबाहेर रंगुबाई आयुष्यात पहिल्यांदा सौम्य आवाजात म्हणत होती, “गप गं माजी बाय, गप गं सोन्या.” हा आवाज हेमाने कधी ऐकलाच नव्हता. ती आणखी घाबरली.

मॅडमनी खांबावरच्या ब्रशकडे बोट केलं. याकोबराव पुढे झाले. “ऑटोमॅटिक,” ते म्हणाले. “फॉर काऊ. प्लीज डोन्ट टच.” आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी कळ दाबली.

बन्सी सगळ्यात आधी पळाला. त्याच्यामागे हेमा. ती जाळीच्या दारातून निघाली ती फळ्यावरून गेली, त्यामुळे पाचही स्वातंत्र्यं एकदमच मातीत पडली. रांगोळीच्या मध्यावर ती थांबली आणि आता कुठे जावं ते न कळून उभी राहिली. मॅडम घाई न करता तिच्याजवळ गेल्या, मानेवर हात ठेवला, आणि कानातला पिवळा बिल्ला वाचून मुजफ्फरला एकेक आकडा सांगितला. मुजफ्फरने तो टॅबवर घातला. त्याच्या चेहऱ्यावरून दयाबाईंना कळलं. उसन्या मुलांच्या कानात बिल्ला नसायचा, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“काकू,” मुजफ्फर हळूच म्हणाला, “यात मालकाचं नाव रंगुबाई येतंय.”

मॅडमनी याकोबरावांकडे पाहिलं. याकोबरावांनी आभाळाकडे पाहिलं. “गेस्ट काऊ, मॅडम,” ते म्हणाले.

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मग एक प्रश्न विचारला. मुजफ्फरने तो मराठीत आणला. “आजारी, लंगडं, जखमी जनावर कुठंय, म्हणतात.”

“एकही नाही,” दयाबाई म्हणाल्या.

मॅडम पुन्हा बोलल्या. “म्हणतात, त्या तीस वर्षं गोठे बघतायत, पण एकही लंगडी गाय नाही असा गोठा अजून कुठल्याच देशात बघितला नाही.”

दयाबाईंची मान ताठ झाली. ती अर्धं मिनिट तशी राहिली. मग मुजफ्फर म्हणाला, “काकू, ॲक्च्युअली ते कौतुक नव्हतं.”

आणि तेव्हाच पांदीच्या वाटेकडून आवाज आला. टक. टक. टक. कोरड्या जमिनीवर लाकूड वाजल्याचा. दयाबाईंना मागे वळून बघायची गरज नव्हती. बुधी लंगडत, थांबत, ओढ्याकडून आपली आपण चालत आली होती. तिने गर्दीतून वाट काढली, दयाबाईंसमोर येऊन उभी राहिली आणि त्यांच्या तपासणीसाठी नेसलेल्या नव्या साडीच्या पदरात गुळाचा खडा शोधायला लागली. तो तिथे रोज असायचा. आजही होता.

“ही कुणाची, विचारतायत,” मुजफ्फर म्हणाला.

“माजी हाय,” कूलर हातचा जाऊ नये म्हणून रंगुबाई ताबडतोब म्हणाली.

“माजी हाय,” त्याच क्षणी बन्सीही म्हणाला, कारण तोही वस्तीचाच होता.

मॅडमनी बुधीच्या कानाकडे हात नेला. दयाबाईंच्या हातात बुधीचं दावं आलं होतं. त्याचं टोक त्यांनी पाहिलं. ते तुटलेलं नव्हतं, कुरतडलेलं नव्हतं. गाठ कुणीतरी नीट सोडलेली होती.

“माझी आहे,” दयाबाई म्हणाल्या. “बुधी. पाय दुखतो म्हणून मी तिला लपवली होती.”

“काकू, हे मी कसं सांगू?”

“जसं आहे तसं सांग. आणि ‘ॲक्च्युअली’ घालू नकोस.”

मुजफ्फरने सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि पुढच्याच क्षणी त्या शेणात गुडघे टेकून बसल्या होत्या. त्यांनी बुधीचा मागचा पाय उचलला. बुधीच्या दोन नख्यांपैकी दुखऱ्या नखीवर भार येऊ नये म्हणून याकोबरावांनी चांगल्या नखीखाली बाभळीचा एक ठोकळा तासून बसवला होता, आणि तो निसटू नये म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली होती. टक टक वाजत होतं ते तेच. मॅडम तो ठोकळा फिरवून फिरवून बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, हे कुणी शिकवलं.

“नो टीचर,” याकोबराव म्हणाले, आणि मग त्यांच्या तोंडून त्यांच्या आयुष्यातलं सर्वोत्तम इंग्रजी निघालं. “वन साइड डॅमेज. वन साइड ओके. लोड ट्रान्सफर.”

मॅडम उठल्या, हात गमबुटाला पुसला आणि याकोबरावांशी हस्तांदोलन केलं. त्यांच्या देशात हेच करतात, फक्त ठोकळा कारखान्यात बनतो आणि डिंकाने चिकटवतात, असं मुजफ्फरने सांगितलं. “आणि म्हणतात, मी सुदृढ गाय बघायला इतक्या लांबून येत नाही. ती कुठेही सुदृढच असते. दुखणारीला कसं ठेवता ते बघायला येते.”

दयाबाईंना एवढंच वाटलं की ही बाई चाळीस-पंचेचाळीस वर्षं आधी डेप्युटी म्हणून यायला हवी होती.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. ब्रश ताबडतोब काढून टाकावा, असं त्यात होतं. जनावर उसनं आणणं ही गंभीर बाब आहे, असं होतं. पायाची काळजी उत्कृष्ट, असं होतं. आणि शेवटी एक ओळ: आजारी जनावर तपासणीपासून लपवून ठेवण्यात आले; पुन्हा असे होऊ नये. गोठा पास झाला होता, कूलर वस्तीवर बसणार होता, रंगुबाईने घरोघर जाऊन साखर वाटली. पण दयाबाईंनी ती ओळ दिवसातून तीनदा वाचली आणि कागद पिठाच्या डब्याखाली ठेवला. आयुष्यातला पहिला शेरा. आणि तोही बरोबर.

प्रार्थनाने सावेडीहून फोनवर त्यांची समजूत घातली. “आई, पास झालीस ना? मग कशाला मनाला लावून घेतेस?”

“काठावर पास झाले,” दयाबाई म्हणाल्या.

पुंजारामला त्यांनी एवढंच विचारलं, “दावं कसं सुटलं रे?”

“गाठ कच्ची बसली आसंल, बाई,” तो टेम्पोत चरव्या चढवत म्हणाला. “मी कुठं हुशार.”

बुधीची कीर्ती मात्र पंचक्रोशीत झाली. मोबाईलवर तिच्या खुराचे फोटो फिरले. दोन-तीन गोठ्यांत चांगल्या धडधाकट गायींच्या पायाखाली ठोकळे बसवण्याचा प्रयत्न झाल्याचंही कानावर आलं. आणि एका सकाळी रंगुबाई सौम्य आवाजात दाराशी आली, त्यावरूनच तिचं काहीतरी काम आहे हे दयाबाईंनी ओळखलं.

“बाई, पुडच्या टायमाला माज्या गोठ्याची तपासनी हाय म्हनं.”

“मग?”

“माजी हेमा पडली धडधाकट. तिला दाखवून काय फायदा?” ती जरा घुटमळली. “दोन दिवस बुधी देता का?”

दयाबाईंनी तिला चहा दिला. बुधी दिली नाही.

कूलरच्या उद्घाटनाला कर्जतहून कंपनीची माणसं आली. खोलीला नवी पांढरी फरशी होती, दुधाची जागा, म्हणून सगळ्यांनी चपला बाहेर काढायच्या असं ठरलं. बघता बघता दाराशी शंभरेक चपलांचा ढीग झाला, आणि वस्तीवरची चार कुत्री बाजूला येऊन बसली. आत पुढच्या रांगेत याकोबरावांशेजारी दयाबाईंसाठी खुर्ची ठेवली होती. पुंजाराम टेम्पो लावून आला, त्याने ढीग पाहिला, कुत्री पाहिली, आणि सवयीने चपलांशेजारी उकिडवा बसला.

दयाबाई दारातून परत आल्या. त्यांनी बाहेरची एक प्लास्टिकची खुर्ची ओढली, चपलांच्या ढिगाशेजारी मांडली आणि तिच्यावर बसल्या.

“पुंजाराम, ऊठ. आत पुढं माझी खुर्ची आहे, तिथे बस.”

“ऱ्हाऊ द्या बाई. मी हितं बरा हाय.”

“ऊठ म्हणते ना.”

हा आवाज ऐकून न उठणारं कुणी वस्तीवर नव्हतं. पुंजाराम उठला. दारात पोहोचला, चप्पल काढली, ती उचलून दयाबाईंच्या पायाशी नीट जोडून ठेवली, आणि तरी थांबला.

“बाई, मला पाढं आजूनबी येत न्हाईत.”

“कुणी विचारणार नाही,” दयाबाई म्हणाल्या. “विचारलंच तर गाणं म्हण.”

तो आत गेला. आत टाळ्या वाजल्या, कूलर घरघरत सुरू झाला. सर्वांत धीट कुत्रं उठून हळूच पुढे सरकलं, त्याने बन्सीची चप्पल हुंगली आणि तोंडात धरली. दयाबाईंनी पदर खोचला. वय एकाहत्तर, गुडघे दोन्ही दुखरे, पण ओढ्यापर्यंतची वाट पाठ होती.